पीसीवरून झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये प्रोग्रॅम कसा टाकायचा? (आणि जुन्या कॅसेटमधले प्रोग्रॅम कसे वाचवायचे?)

माळ्यावरच्या खोक्यातून जुना झेडएक्स स्पेक्ट्रम निघाला, चालूही झाला, पण आता त्यात टाकायचं काय? कॅसेट प्लेअर केव्हाच भंगारात गेलाय, पेन ड्राइव्ह लावायला जागा नाही, वायफायचा तर प्रश्नच नाही. बरेच जण इथेच थांबतात आणि कॉम्प्युटर परत खोक्यात जातो.

खरं तर तुमच्या लॅपटॉपला जर हेडफोनचं भोक असेल, तर अर्धं काम झालेलंच आहे. या लेखात आपण पाहणार आहोत की पीसीवरची फाइल स्पेक्ट्रमपर्यंत कशी पोहोचते, वाटेत ती कुठे अडकते आणि नेमकं कुठे अडकली हे कसं ओळखायचं. शेवटी उलट दिशेचं कामही पाहू, म्हणजे जुन्या कॅसेटवरचा प्रोग्रॅम पीसीवर आणणं. ते जास्त महत्त्वाचं आहे. त्या काळातले बरेचसे गेम आज इंटरनेटवर मिळतात. तुम्ही, तुमच्या भावाने किंवा वडिलांनी शाळा-कॉलेजात असताना लिहिलेला प्रोग्रॅम मात्र फक्त त्या एका कॅसेटवर असतो.

थोडी ओळख

झेडएक्स स्पेक्ट्रम हा ब्रिटनमधल्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये बाजारात आणलेला घरगुती कॉम्प्युटर. आत झेड८०ए प्रोसेसर, वेग ३.५ मेगाहर्ट्झ, रॉम १६ केबी आणि रॅम १६ किंवा ४८ केबी. १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय ॲमस्ट्रॅडने विकत घेतला. भारतातही डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने तो विकला. त्यामुळे तुमच्या घरातल्या मशीनवर सिंक्लेअरऐवजी हे नाव असेल, तरी खालची पद्धत तीच.

या मशीनला डिस्क नव्हती. प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवर साठवायचे. मागच्या बाजूला ३.५ मिमीची दोन भोकं असतात. 'इअर' हे आवाज आत घेण्यासाठी आणि 'माइक' हे आवाज बाहेर देण्यासाठी. आपलं सगळं काम या दोन भोकांतूनच होणार आहे.

स्पेक्ट्रमला नेमकं काय ऐकू येतं?

हा भाग वाचायचा कंटाळा करू नका. पुढे काही अडलं तर इथलीच माहिती उपयोगी पडते.

स्पेक्ट्रमला 'फाइल' कळत नाही, त्याला फक्त आवाज कळतो. कॅसेटवरचा प्रत्येक प्रोग्रॅम तुकड्यांमध्ये असतो, त्यांना ब्लॉक म्हणतात. साध्या प्रोग्रॅमचे दोन ब्लॉक असतात: आधी छोटा हेडर आणि मग प्रत्यक्ष डेटा. प्रत्येक ब्लॉकमध्ये तीन गोष्टी एकामागून एक येतात.

१. पायलट: सुमारे ८०७ हर्ट्झचा एकसुरी "टीऽऽऽ" आवाज. हेडरच्या आधी साधारण ५ सेकंद, डेटाच्या आधी साधारण २ सेकंद. "सावध हो, माहिती येतेय" असं सांगणारी ही शिट्टी.

२. सिंक: अगदी छोटे दोन ठोके. शिट्टी संपली, आता मोजायला लाग, एवढाच त्याचा अर्थ.

३. माहिती: शून्यासाठी सुमारे २०४७ हर्ट्झची एक लहर, एकासाठी सुमारे १०२३ हर्ट्झची एक लहर. म्हणजे एक हा आकडा पाठवायला शून्याच्या दुप्पट वेळ लागतो.

हेडरमध्ये १७ बाइट्स असतात: प्रकार, दहा अक्षरांचं नाव, लांबी आणि दोन जास्तीचे आकडे. त्याच्या पुढे एक बाइट असतो, जो "हा हेडर आहे की डेटा" हे सांगतो. आणि प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी एक पडताळणीचा बाइट असतो. ब्लॉकमधले सगळे बाइट्स ठरावीक पद्धतीने एकत्र करून तो काढलेला असतो. ऐकलेल्या माहितीतून काढलेली किंमत आणि हा बाइट जुळला, तर ब्लॉक नीट आला असं स्पेक्ट्रम मानतो.

वेग किती? सरासरी सेकंदाला १४०० बिट्सच्या आसपास. त्यामुळे ४८ केबी मेमरी पूर्ण भरायला जवळजवळ ५ मिनिटं लागतात. घाई करून उपयोग नाही.

फाइलचे प्रकार: कोणती घ्यायची?

टॅप: सर्वात साधा प्रकार. यात ब्लॉकमधले बाइट्स तेवढे ओळीने ठेवलेले असतात. आवाज कसा काढायचा ते नेहमीच्या नियमाप्रमाणे ठरतं.

टीझेडएक्स: यात प्रत्येक ब्लॉकचा आवाज किती लांबीचा हेही लिहिलेलं असतं. अनेक कंपन्यांनी कॉपी रोखण्यासाठी किंवा वेग वाढवण्यासाठी स्वतःचे वेगळे लोडर वापरले होते. असे गेम टॅपमध्ये नीट बसत नाहीत, त्यांच्यासाठी टीझेडएक्स.

झेड८० आणि एसएनए: हे कॅसेटचे प्रकार नाहीत. चालू असलेल्या मशीनच्या मेमरीचा तो फोटो आहे असं समजा. तो थेट आवाजातून पाठवता येत नाही, आधी कॅसेटच्या प्रकारात बदलावा लागतो. नवशिक्यांनी हे टाळावं.

गेम डाउनलोड करताना एवढं लक्षात ठेवा की जुना झाला म्हणून हक्क संपत नाही. काही लेखकांनी आपले गेम मोफत वाटायला परवानगी दिली आहे, काहींनी दिलेली नाही.

तयारी

वीज: इथे चूक झाली तर मशीनच जाईल. मूळ स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो आणि त्याच्या पिनमध्ये मधे मायनस, बाहेर प्लस असतं. आज बाजारात मिळणारे बहुतेक ॲडॅप्टर बरोबर उलटे, म्हणजे मधे प्लसवाले असतात. पिन बसते म्हणून लावून टाकू नका. मल्टिमीटरने आधी तपासा. मूळ ॲडॅप्टर १.४ अँपिअरचा होता, त्याहून कमी घेऊ नका.

केबल: दोन्ही टोकांना ३.५ मिमी पिन असलेली ऑडिओ केबल. स्पेक्ट्रमचं भोक मोनो आहे, लॅपटॉपचं स्टिरिओ. साधी स्टिरिओ केबल बहुतेक वेळा चालून जाते. दोन्ही बाजूंना मोनो पिन असलेली केबल लॅपटॉपला लावू नका, कारण त्यात उजवा चॅनल शॉर्ट होतो. सोल्डरिंग येत असेल तर फक्त टोकाची आणि बुडाची अशा दोनच वायर जोडून केबल बनवा, हे सगळ्यात उत्तम.

लॅपटॉपला हेडफोनचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा साउंड ॲडॅप्टर घ्या. ब्लूटूथचा नाद नको. त्यात आवाज दाबून पाठवला जातो आणि लहरींचा आकार बिघडतो.

सॉफ्टवेअर: 'फ्यूज' हा मोफत इम्युलेटर आणि त्याच्यासोबतचा 'फ्यूज-युटिल्स' हा छोट्या प्रोग्रॅमचा संच. आवाज रेकॉर्ड करायला 'ऑडॅसिटी', तोही मोफत.

पायरीपायरीने: पीसी ते स्पेक्ट्रम

पायरी १: फाइल आधी इम्युलेटरमध्ये चालवून बघा. फ्यूजमध्ये चालली नाही तर खऱ्या मशीनवर चालायची आशा नको. कोणत्या मॉडेलसाठी आहे तेही इथेच कळतं. १२८ केबीच्या मशीनसाठीचा गेम ४८ केबीवर चालेलच असं नाही.

पायरी २: फाइलचं वेव्हमध्ये रूपांतर करा. फ्यूज-युटिल्समधल्या 'टेप२वेव्ह' या प्रोग्रॅमला आधी मूळ फाइलचं नाव आणि नंतर नव्या फाइलचं नाव द्या. टॅप आणि टीझेडएक्स दोन्ही चालतात. एमपी३ करू नका. माणसाच्या कानाला जे ऐकू येत नाही ते एमपी३ काढून टाकतं, पण इथे ऐकणारा माणूस नाही.

पायरी ३: पीसीचा आवाज स्वच्छ करा. नोटिफिकेशन बंद. इक्वलायझर, बेस बूस्ट, सराउंड आणि "ऑडिओ एन्हान्समेंट" नावाचं जे काही असेल ते सगळं बंद. लेखातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळा. लोडिंगच्या चौथ्या मिनिटाला व्हॉट्सॲपचं "टिंग" वाजलं की चारही मिनिटं वाया.

पायरी ४: आवाज ७० टक्क्यांवर ठेवून सुरुवात करा. स्पेक्ट्रमला बऱ्यापैकी जोरदार सिग्नल लागतो. बऱ्याच लॅपटॉपवर तो जवळजवळ पूर्ण करावा लागतो, मोबाइलवर तर पूर्ण करूनही कधीकधी कमी पडतो.

पायरी ५: केबल 'इअर' भोकात लावा. स्पेक्ट्रमवर जे दाबा, की 'लोड' हा पूर्ण शब्दच उमटतो. मग सिंबॉल शिफ्ट धरून पी दोनदा दाबा, दोन अवतरणचिन्हं येतील. आता एंटर. १२८ केबीच्या मशीनवर सुरुवातीच्या यादीतला 'टेप लोडर' निवडला की झालं.

पायरी ६: पीसीवर वेव्ह फाइल वाजवा आणि स्क्रीनच्या कडेला बघा.

एक युक्ती सांगतो. पहिल्यांदाच ५ मिनिटांचा गेम घेऊ नका. चार-पाच ओळींचा बेसिकमधला प्रोग्रॅम फ्यूजमध्ये लिहून टॅप म्हणून सेव्ह करा आणि त्याची वेव्ह बनवा. ती १० सेकंदांच्या आसपासच भरते. आवाज कमी-जास्त करून हीच फाइल पुन्हा पुन्हा वाजवा. ती सलग पाच वेळा लोड झाली की तो आवाजाचा आकडा लिहून ठेवा. मग मोठ्या फाइलकडे वळा.

कडेचे रंग वाचायला शिका

स्पेक्ट्रम लोड करताना स्क्रीनची कड रंग बदलते. ती शोभेसाठी नाही. प्रोसेसर या क्षणी काय ऐकतोय ते ती दाखवते, त्यामुळे अडचण कुठे आहे हे तिच्यावरून कळतं.

कड लाल आणि फिकट निळी अशी सावकाश बदलतेय, साधारण सेकंदाला एकदा: स्पेक्ट्रम वाट बघतोय, सिग्नल पोहोचतच नाही. केबल 'माइक'मध्ये तर लावली नाही ना? पीसीचा आवाज चुकून स्पीकरवर तर जात नाही ना? हे तपासा, मग आवाज वाढवा.

लाल आणि फिकट निळे जाड पट्टे सरकताहेत: पायलट सापडला. पट्टे एकसारखे असले तर उत्तम. मधेच तुटत असतील तर आवाज कमी पडतोय किंवा गुणगुण मिसळतेय. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, अनेकदा गुणगुण तिथूनच येते.

पट्टे आले, निळे-पिवळे बारीक पट्टेही क्षणभर चमकले, पण प्रोग्रॅमचं नाव उमटलं नाही: हेडर ऐकला, पण पडताळणीत चुकला. अशा वेळी स्पेक्ट्रम एरर देत नाही, गुपचूप पुढचा हेडर शोधत बसतो. त्यामुळे "काहीच होत नाहीये" असं वाटतं. इथे सिग्नल पोहोचतोय, फक्त साफ नाही. आवाज थोडा वरखाली करा.

नाव उमटलं, निळे-पिवळे पट्टेही चालले, मग "आर टेप लोडिंग एरर" आला: हेडर बरोबर, पण डेटात कुठेतरी बिघाड. कारणं तीन. आवाज इतका मोठा की लहरी वरून कापल्या जाताहेत, मधेच दुसरा आवाज घुसला, किंवा एन्हान्समेंट चालू राहिलंय.

सगळं लोड झालं आणि मशीन रीसेट झालं: आता केबलवर राग काढू नका. गेम दुसऱ्या मॉडेलचा असेल, तुमचं मशीन १६ केबीचं असेल किंवा रॅमची एखादी चिप गेली असेल.

स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम पाठवायचाय?

पीसीवर नोटपॅडमध्ये बेसिक प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचा आवाज केला, तर तो स्पेक्ट्रमला कळेल का? नाही. स्पेक्ट्रम 'प्रिंट' हा शब्द पाच अक्षरं म्हणून साठवत नाही, त्याच्यासाठी एकच ठरावीक बाइट असतो. शिवाय प्रोग्रॅममधल्या प्रत्येक संख्येच्या मागे तिचं पाच बाइट्सचं रूप लपवून ठेवलेलं असतं. हे रूपांतर 'झेडमेकबास' नावाचा मोफत प्रोग्रॅम करून देतो. साधी मजकुराची फाइल द्या, टॅप फाइल मिळेल. पुढच्या पायऱ्या वरच्यासारख्याच.

उलटा प्रवास: कॅसेट ते पीसी

आता लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. कॅसेटची फीत कायमची टिकत नाही. आपल्याकडे पावसाळ्यातल्या दमटपणाने तिला बुरशी लागते. खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती कॅसेट तशीच वाजवू नका. फीत तर खराब होईलच, प्लेअरचं हेडही भरेल.

फीत स्वच्छ असेल तर असं करा.

१. प्लेअरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते.

२. प्लेअरचं हेडफोनचं भोक पीसीच्या लाइन-इन किंवा माइकला जोडा. ऑडॅसिटीमध्ये ४४,१०० हर्ट्झ, मोनो, १६ बिट ठेवून रेकॉर्ड करा. लहरी वर-खाली कापल्या जात नाहीत ना, हे बघून घ्या.

३. आवाज बसका येत असेल तर हेडजवळचा छोटा स्क्रू अगदी थोडा फिरवून बघा. शिट्टी जास्तीत जास्त खणखणीत ऐकू आली की थांबा. ज्या प्लेअरवर रेकॉर्ड केलं त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या प्लेअरचा कोन वेगळा असू शकतो.

४. नॉइज रिडक्शन वापरू नका. मूळ वेव्ह फाइल जशीच्या तशी जपून ठेवा. आज न वाचता आलेला ब्लॉक उद्या एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमने वाचता येईल, पण त्यासाठी मूळ आवाज हवा.

५. फ्यूज-युटिल्समधल्या 'ऑडिओ२टेप'ने वेव्हपासून टॅप बनवा आणि फ्यूजमध्ये चालवा.

इथे तो पडताळणीचा बाइट पुन्हा उपयोगी पडतो. इतक्या वर्षांनी कॅसेटवरचं गाणं थोडं बिघडलं तर आपल्याला नक्की सांगता येत नाही. प्रोग्रॅमच्या बाबतीत मात्र प्रत्येक ब्लॉक आपली साक्ष स्वतःच देतो: किंमत जुळली तर ब्लॉक नीट वाचला गेला असं धरून चालता येतं. जुळली नाही तर तेवढाच ब्लॉक पुन्हा रेकॉर्ड करा, शक्य असल्यास दुसऱ्या प्लेअरवर.

दुसरा मार्गही आहे. कॅसेट खऱ्या स्पेक्ट्रमवर अजून लोड होत असेल, तर लोड करून प्रोग्रॅम थांबवा, केबल 'माइक' भोकातून पीसीच्या माइकला जोडा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि 'सेव्ह' आज्ञा द्या. ताजा, स्वच्छ आवाज मिळतो. सेव्ह करताना 'इअर'मधली केबल काढून ठेवा, नाहीतर आवाज फिरून परत येतो. नंतर 'व्हेरिफाय' आज्ञा देऊन तीच फाइल परत वाजवली की मेमरीतल्या प्रोग्रॅमशी ती ताडून बघता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आवाजाऐवजी एसडी कार्ड वापरता येत नाही का?
येतं. 'डिव्हएमएमसी' प्रकारचा इंटरफेस मागच्या कनेक्टरला लावला की कार्डावरच्या फाइल काही सेकंदांत लोड होतात, झेड८० आणि एसएनएसुद्धा. रोज वापर करणार असाल तर घ्या. पण मशीन चालू असताना तो कधीही लावू किंवा काढू नका. स्पेक्ट्रमला पॉवरचं बटण नाही, त्यामुळे आधी ॲडॅप्टरची पिन काढा. आणि तुमच्या कॅसेट वाचवायला आवाजाचाच मार्ग लागतो, हेही विसरू नका.

गेम अर्ध्यात "टेप सुरू करा" म्हणतो. काय करू?
असे गेम टप्प्याटप्प्याने लोड होतात. पहिला टप्पा लोड झाला की पीसीवर वेव्ह फाइल थांबवा, मागणी आली की तिथूनच पुढे वाजवा.

वेगवान लोडरवाला गेमच तेवढा लोड होत नाही, बाकी सगळे होतात.
त्याच्या लहरी आखूड असतात, म्हणून चूक खपत नाही. टॅप सोडून टीझेडएक्स घ्या, वेव्ह ४४,१०० हर्ट्झ किंवा त्याहून जास्त ठेवा.

शेवटी

सुरुवात १० सेकंदांच्या फाइलने करा, आवाजाचा योग्य आकडा शोधा आणि कडेच्या रंगांवर लक्ष ठेवा. एकदा हात बसला की पाच मिनिटांचा गेमही पहिल्याच फटक्यात लोड होईल. मग गेम बाजूला ठेवा आणि हाताने नाव लिहिलेल्या त्या कॅसेट काढा. त्यांच्यापासून बनवलेल्या वेव्ह आणि टॅप फाइलच्या दोन प्रती करा, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि फाइलच्या नावात प्रोग्रॅम कोणी लिहिला, कधी लिहिला ते जरूर टाका. विचारून घेण्यासारखी माणसं घरात आहेत तोवरच हे काम उरकलेलं बरं.